पाचवे शील आणि परतीची वाट



दर रविवारी विहारात आपण हात जोडून पंचशील ग्रहण करतो. पहिली चार शीले सगळे खड्या आवाजात म्हणतात. पाचव्या शीलापाशी आलो की काही आवाज बारीक होतात. ज्या घरात दारू आहे त्या घरची माउली मान खाली घालते. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली सतरावी प्रतिज्ञा दारूविषयीच आहे. दारू पिऊ नये यावर आपल्यात वाद नाही. वाद पुढच्या प्रश्नावर आहे, आणि तो आपण उघडपणे बोलत नाही. जो पडला आणि पुन्हा उठला, त्याचे काय? दारू सोडून त्याला वर्ष-दोन वर्षे झाली. आता तो म्हणतो, माझे काम मला परत द्या. ते द्यावे काय?

मारुंजी, नेरे, जांबे, हिंजवडी या आपल्या मुळशीच्या पट्ट्यात हा प्रश्न पोथीतला राहिलेला नाही. हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या आणि भोवतालच्या शेतीच्या गावांचे रूप पालटले. आज आपली कित्येक मुले कंपन्यांच्या बसगाड्या चालवतात, मोटारी चालवतात, पाण्याचे टँकर चालवतात, बांधकामावर क्रेनच्या खोलीत बसतात. शेतात नांगर वाकडा गेला तर एक तास वाया जातो. रस्त्यावर चाक वाकडे गेले तर माणसे जातात. म्हणून ‘सोडली ना त्याने, मग झाले!’ एवढे म्हणून चालत नाही, आणि ‘एकदाचा बेवडा तो कायमचा बेवडा’ असे म्हणूनही चालत नाही.

प्रश्न पारखायचा असेल तर त्याचे सर्वांत कठीण रूप घ्यावे. विमान चालवणाऱ्याचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून जी विमाने उडतात, त्यांतल्या एकेकात शे-दीडशे माणसे बसलेली असतात. वैमानिकाचे तोंडही त्यांनी पाहिलेले नसते. केवळ विश्वासावर ती त्याच्या मागे बसतात. असा वैमानिक दारूच्या आहारी गेला, उपचार घेऊन सुटला, आणि पुन्हा विमान मागू लागला, तर आपण काय म्हणू?

आधी धोका किती खरा आहे ते पाहा. १३ जानेवारी १९७७ रोजी अलास्कातील अँकरेज येथून जपान एअर लाइन्सचे एक मालवाहू विमान टोकियोकडे निघाले. विमानात गुरे होती. उड्डाण करताच ते कोसळले. तीन वैमानिक आणि गुरांसोबतचे दोघे असे पाचही जण गेले. चौकशीत दिसून आले की मुख्य वैमानिकाच्या रक्तात दारूचे प्रमाण फार मोठे होते. त्याला विमानतळावर आणणाऱ्या टॅक्सीवाल्यालाही शंका आली होती. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाने मात्र त्याला अडवले नाही. वरिष्ठाला कसे बोलावे, हा संकोच पाच जणांच्या मृत्यूला कारण झाला. दारू एकाने प्यायली, पण गप्प राहणारे त्याच्याभोवती होते, हे ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला याचा उपयोग आहे.

म्हणून आपल्या देशाचा कायदा या बाबतीत कडक आहे, आणि तो तसाच असला पाहिजे. उड्डाणाच्या आधीच्या बारा तासांत वैमानिकाने मद्याचा थेंबही घेता कामा नये. ब्रेथ ॲनालायझरच्या श्वासचाचणीत तो दोषी ठरला तर पहिल्या वेळी तीन महिने परवाना निलंबित होतो, दुसऱ्या वेळी तीन वर्षे, आणि तिसऱ्या वेळी परवाना रद्द. नोव्हेंबर २०१८ मध्ये एअर इंडियाच्या एका संचालकाच्या हुद्द्यावर असलेला ज्येष्ठ वैमानिक चाचणीत दुसऱ्यांदा दोषी आढळला, तेव्हा त्याचाही परवाना तीन वर्षांसाठी गेला. हुद्दा कितीही मोठा असो, नळी सर्वांनी फुंकायची.

पण याच कायद्याने दुसरे एक दारही उघडे ठेवले आहे. गांजा, अफू, कोकेन यांसारख्या मादक पदार्थांच्या चाचणीचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ३१ जानेवारी २०२२ पासून लागू केले. त्यांनुसार पहिल्यांदा दोषी आढळलेल्या माणसाला कामावरून दूर करून व्यसनमुक्ती केंद्राकडे पाठवायचे असते. उपचारानंतर चाचणीत त्याचे शरीर स्वच्छ आढळले आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने पात्रतेचा दाखला दिला, तर तो कामावर परतू शकतो. दुसऱ्यांदा आढळला तर तीन वर्षे परवाना नाही. तिसऱ्यांदा आढळला तर कायमचा नाही. म्हणजे कायदा एकाच वेळी दोन गोष्टी मानतो. माणूस बदलू शकतो, आणि बदललो असे नुसते म्हणणे पुरेसे नाही.

हा विचार आपल्याला नवा वाटू नये. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी संघासाठी जे नियम घालून दिले, त्यांत तो आहे.

मद्यपानाचा नियम संघात कसा आला, त्याची कथा विनयपिटकात आहे. सागत नावाचे एक थोर भिक्षू होते. त्यांनी एका विषारी नागाला वश केले अशी त्यांची ख्याती होती. चमत्काराचा भाग आपण बाजूला ठेवू. अर्थ एवढाच की ते मोठ्या सामर्थ्याचे, धोक्यात न डगमगणारे पुरुष होते. कोसंबीच्या उपासकांनी श्रद्धेपोटी घरोघरी त्यांना मद्य पाजले. परिणाम असा झाला की नगराच्या वेशीपाशी सागत कोसळले. भिक्षूंनी त्यांना उचलून विहारात आणले. त्यांना भगवंतांकडे डोके करून निजवले, तर ते शुद्धीवर नसल्याने वळले आणि पाय भगवंतांकडे झाले. तेव्हा तथागतांनी भिक्षूंना विचारले की, ज्याने नागाला आवरले तो सागत आज पाण्यातल्या साध्या सापाला तरी आवरू शकेल काय? भिक्षू नाही म्हणाले. आणि मद्यपान निषिद्ध ठरले.

या कथेत दोन गोष्टी पाहा. पहिली अशी की, सागतांचे कौशल्य खोटे नव्हते. दारूने ते काढून घेतले. उत्तम वैमानिक, उत्तम चालक, उत्तम गवंडी यांच्याबाबत आपण म्हणतो, ‘पितो, पण हात बसलेला आहे त्याचा.’ तथागतांचा प्रश्न या वाक्याला उत्तर आहे. शुद्ध गेली की बसलेला हातही उठतो. दुसरी गोष्ट अशी की, सागतांना संघातून हाकलले नाही. विनयात चार दोष असे आहेत की ते करणारा भिक्षू राहत नाही. मद्यपान त्या चारांत नाही. ते कबूल करून शुद्ध होण्याच्या दोषांत आहे. परंपरा सांगते की, सागत त्यानंतर नेटाने साधनेला लागले आणि अर्हत्पदाला पोहोचले. पडलेला माणूस वेशीपाशीच पडून राहिला नाही, कारण त्याच्या सोबत्यांनी त्याला उचलून आत आणले होते.

आता परतीची वाट कशी बांधावी तेही विनयात पाहू. मद्यपानाहून अधिक गंभीर असे तेरा दोष आहेत, ज्यांसाठी भिक्षूला संघापुढे जावे लागते. तिथली रीत विचार करण्याजोगी आहे. दोषी भिक्षूने सहा रात्री ‘मानत्त’ नावाचे व्रत पाळायचे. पण त्याने दोष लपवला असेल, तर जितके दिवस लपवला तितके दिवस आधी ‘परिवास’ भोगायचा. त्या काळात तो विहारातच राहतो, जेवतो, धम्म ऐकतो. फक्त त्याचा अधिकार काढून घेतलेला असतो. त्याला शेवटचे आसन मिळते, तो कोणाचे वंदन स्वीकारत नाही, कोणाला दीक्षा देत नाही, आणि नव्याने आलेल्या भिक्षूंना आपला दोष स्वतः सांगतो. मुदत पुरी झाली की किमान वीस भिक्षूंच्या संघाने त्याला सन्मानाने परत घ्यायचे. या परत घेण्याला ‘अब्भान’ म्हणतात. त्यानंतर तो पूर्वीसारखाच भिक्षू असतो.

वाचकहो, या रीतीत केवढे शहाणपण आहे! भिक्षापात्र काढून घेतले जात नाही, अधिकार काढून घेतला जातो. शिक्षेची लांबी दोष लपवण्याशी बांधलेली आहे, म्हणून जो लवकर सांगेल त्याची वाट जवळची. आणि शेवट ठरलेला आहे. माणूस जन्मभर उंबऱ्याबाहेर ताटकळत नाही.

अमेरिकेत गेल्या शतकाच्या आठव्या दशकात वैमानिकांची संघटना, विमान कंपन्या आणि सरकार यांनी मिळून ‘हिम्स’ नावाची एक व्यवस्था उभी केली. व्यसनात सापडलेल्या वैमानिकाने पुढे यावे, उपचार घ्यावेत, मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे, मग न सांगता केव्हाही होणाऱ्या चाचण्या द्याव्यात, आणि एका सहकारी वैमानिकाने व एका वरिष्ठाने त्याच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे, अशी ती पद्धत आहे. या वाटेने हजारो वैमानिक कामावर परतले. ज्यांनी ती आखली त्यांच्यापुढे विनयपिटक नव्हते. पण माणसाच्या स्वभावाचा अभ्यास प्रामाणिकपणे केला की वेगवेगळ्या देशांतली माणसे एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात.

या वाटेच्या अगदी कडेवरचे एक उदाहरण सांगतो. लाइल प्राउझ हा नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचा वैमानिक. अमेरिकेतील कोमांचे या मूळनिवासी जमातीचे रक्त त्याच्या अंगात होते, आणि त्याचे आई-वडील दोघेही दारूच्या आहारी गेलेले होते. ८ मार्च १९९० रोजी त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी रात्रभराच्या पिण्यानंतर फार्गोहून मिनियापोलिसला प्रवासी विमान नेले. विमान सुखरूप उतरले, आणि तिघांना अटक झाली. प्राउझचा परवाना गेला, नोकरी गेली, सोळा महिन्यांची कैद झाली. त्याने उपचार घेतले आणि दारू सोडली. तुरुंगातून सुटल्यावर त्याला जुना परवाना कोणी परत दिला नाही. नवशिक्या मुलाप्रमाणे अगदी पहिल्या परवान्यापासून सगळ्या परीक्षा त्याने पुन्हा दिल्या. त्यानंतर त्याच कंपनीने त्याला पुन्हा घेतले. १९९८ साली तो जम्बो विमानाचा कॅप्टन म्हणून निवृत्त झाला, आणि जानेवारी २००१ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी त्याला माफी दिली.

कोणी म्हणेल, ही दया झाली. मला तसे वाटत नाही. दया असती तर पहिल्याच दिवशी विमान दिले असते. त्याला जे मिळाले ते त्याच्या कृतीतून मिळाले, आणि दुसऱ्यांनी ते डोळ्यांत तेल घालून तपासले. यालाच आपल्या धम्मात कर्म म्हणतात.

आता आपल्या मनातला खरा अडथळा पाहू. पेशवाईत याच पुण्यात आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला जात असे. का? तर त्यांचा डाग जन्माचा आहे, तो कशानेही धुतला जाणार नाही, असे मानले जाई. या विचाराला आपण लाथ मारली आणि धम्मात आलो. माणूस जन्माने ठरत नाही, कृतीने ठरतो, हे आपण स्वीकारले. आता स्वतःला विचारा. सात वर्षे दारूला न शिवलेल्या माणसाला आपण अजून ‘बेवड्या’ म्हणत असू, त्याच्या मुलीच्या सोयरिकीत ती गोष्ट काढत असू, तर आपणही न धुतला जाणारा डागच मानत नाही काय? जातीचे मडके फोडले आणि व्यसनाचे बांधले, एवढाच फरक उरतो.

पण याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. कृतीने माणूस ठरतो म्हटले की नुसत्या शब्दाला किंमत उरत नाही. ‘मी शपथ घेतली आहे, आता विश्वास ठेवा’ असे म्हणणाऱ्याला आपण सांगितले पाहिजे की, बाबा रे, विश्वास मागून मिळत नाही. तपासणी हा अपमान नव्हे. मडके एका जातीच्या गळ्यात होते, श्वासचाचणीची नळी प्रत्येक वैमानिकासाठी आहे. जी गोष्ट सर्वांना सारखी लागू आहे आणि जिच्यातून चांगल्या वर्तनाने पार पडता येते, तिला कलंक म्हणता येत नाही. ज्याला ती सोसत नाही, त्याचा अहंकार अजून नशेतच आहे.

तथागतांनी सर्व संस्कार अनित्य आहेत असे शिकवले. या शिकवणुकीतून आशा आणि सावधगिरी दोन्ही निघतात. व्यसन नित्य नाही, म्हणून ते सुटू शकते. सुटलेपणही नित्य नाही, म्हणून ते रोज राखावे लागते. दहा वर्षांनीही चाचणी द्यावी लागली तर त्यात वाईट वाटून घेऊ नये. आपण तरी पंचशील एकदाच घेऊन थांबतो काय? दर रविवारी ते पुन्हा घेतो.

अंगुलिमालाची कथा तुम्हाला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतितांच्या आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेत तिला मुद्दाम स्थान दिले. पण तिचे दोन भाग आपण सहसा सांगत नाही. अंगुलिमाल भिक्षू झाल्यावर श्रावस्तीत भिक्षेला गेला, तेव्हा लोकांच्या दगडांनी त्याचे डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. भगवंतांनी त्याला ते सोसायला सांगितले. बदललेल्या माणसालाही जुन्या कृत्याचे फळ काही काळ भोगावे लागते, आणि ते त्याने रागावल्याशिवाय भोगावे. दुसरा भाग असा की, लोक घाबरले, तक्रार करू लागले, तेव्हा तथागतांनी नियम केला की यापुढे कुख्यात दरोडेखोराला संघात घेऊ नये. अंगुलिमालाला त्यांनी बाहेर काढले नाही, आणि लोकांची भीती खोटी आहे असेही म्हटले नाही. एकावर करुणा करताना शंभरांच्या भयाकडे पाठ फिरवायची नसते. विमानात बसलेले प्रवासी, कंपनीच्या बसमध्ये रात्री डुलकी घेणाऱ्या मुली, यांच्यावरची करुणा आधी येते.

म्हणून माझे मत थोडक्यात असे आहे. व्यसनातून उठलेल्या माणसाला दोन गोष्टी हव्या असतात, मान आणि चाक. मान त्याचा जन्मसिद्ध आहे, तो आजच द्या, पडला होता तेव्हाही द्या. चाक मात्र कोणाचाच जन्मसिद्ध हक्क नाही. ते सिद्ध झाल्यावरच द्या. आणि सिद्ध झाले की मग नाकारू नका. आपली चूक अशी होते की आपण या दोहोंची अदलाबदल करतो. घरच्या प्रेमापोटी दुसऱ्याच दिवशी गाडीची किल्ली हातात देतो, आणि चावडीवर, लग्नात, विहारात त्याचा मान मात्र जन्मभर देत नाही.

आता तुमच्या घरात हा प्रसंग आला तर काय कराल? पहिली गोष्ट, लपवू नका. नवरा पिऊन पडला की कंपनीत फोन करून ‘त्यांना ताप आहे’ असे सांगणारी भगिनी संसार वाचवते आहे असे तिला वाटते. मी तिला दोष देत नाही, पगार बुडेल ही तिची भीती खरी आहे. पण त्या अँकरेजच्या विमानातला गप्प बसलेला सहवैमानिक आठवा. लपवलेला प्रत्येक दिवस परिवासात वाढतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की, दारू पिणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका. त्या कठोरपणाचा अर्थ एवढाच की, व्यसनाला आधार द्यायचा नाही, आणि झाकणे हाही आधारच आहे.

दुसरी गोष्ट, देवऋषी, गंडा, अंगारा यांच्या मागे लागू नका. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहे. येरवड्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. मारुंजीहून ते दूर नाही. तिथे काही आठवडे राहून उपचार होतात, पुढेही पाठपुरावा चालतो, घरच्यांनाही बोलावतात. आजार म्हटल्याने जबाबदारी सुटत नाही. आजारी असणे दोष नसेल, पण औषध न घेणे हा दोष आहे.

तिसरी गोष्ट, परतीची वाट आधीच आखून द्या. तो केंद्रातून आला की विहारातल्या चार जाणत्या माणसांनी त्याच्या बरोबर बसावे. किती महिने चाक नाही, त्या काळात गोदामात, बागेत किंवा दुकानात कोणते काम, तपासणी कोण करणार, पुन्हा घसरला तर काय, हे सगळे त्याच्या संमतीने ठरवावे. मालकाला खरे सांगावे. त्या काळात त्याला विहाराच्या निधीचा हिशेब देऊ नये, पण वंदनेला त्याच्या शेजारी बसावे. मुदत पुरी झाली की चार लोकांत त्याला बोलावून सांगावे, तू आमच्यात आहेस. त्यानंतर जुनी गोष्ट काढणाऱ्याला, मग तो कितीही वयोवृद्ध असो, तिथल्या तिथे थांबवावे. हे आपले अब्भान.

काहींना चाक कधीच परत मिळणार नाही. डोळे अधू झाले असतील, हात कापत असतील, कायद्याचे दार बंद झाले असेल. त्यांनी आपला नवा जन्म वाया गेला असे मानू नये. चाकाशिवायही माणूस पूर्ण असतो.

दीक्षा घेतली त्या दिवशी आपला नवा जन्म झाला असे आपण प्रतिज्ञेत म्हणतो. लाखो माणसे एका दिवसात नवी होऊ शकतात यावर ज्यांचा विश्वास आहे, त्यांना आपल्याच गल्लीतला एक माणूस दोन वर्षांत नवा होऊ शकतो हे जड का वाटावे? पुढच्या रविवारी पाचव्या शीलापाशी आवाज बारीक झाला तर मान वळवून पाहू नका. आपला आवाज थोडा वाढवा, म्हणजे त्याचाही निघेल.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.

— मारुंजी, ता. मुळशी, जि. पुणे